मनगटाची चिकित्सा : शस्त्रक्रिया करावी की न करावी?

निवासी शाळेच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, संस्थापकांचे स्मरण आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांवरील लेख असावेत, हे रीतीला धरूनच आहे. तसे लेख या अंकात असतीलच. मी मात्र संपादक मंडळाची अनुमती घेऊन मनगटावर लिहीत आहे. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी, वसतिगृह असलेल्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाकडे पालक केवळ गुणपत्रिका घेऊन येत नाहीत. ते सातबारा घेऊन येतात, जातपडताळणीचे कागद घेऊन येतात आणि अलीकडे एमआरआयचे अहवालही घेऊन येतात. अहवाल इंग्रजीत असतो, त्यात कोठेतरी ‘टेअर’ हा शब्द असतो आणि त्याचा अर्थ ‘फाटले आहे’ असा कळल्यापासून घरातील कोणाला झोप लागलेली नसते. प्रश्न एकच असतो : “सर, ऑपरेशन करावं का?”

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु समोर आलेला कागद कसा वाचावा, एका साधनावर किती विसंबावे आणि दुसऱ्या साधनाशी त्याची पडताळणी कशी करावी, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकवलेले असते. आपल्या भाषेत ‘चिकित्सा’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत : रोग्यावरील उपचार आणि एखाद्या विधानाची कसून केलेली तपासणी. ज्या समाजाला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या अर्थाची चिकित्सा शिकवली, त्याने पहिल्या अर्थाच्या चिकित्सेपुढे डोळे मिटून उभे राहावे, हे मला पटत नाही. डॉक्टरांवर अविश्वास दाखवा, असे मी म्हणत नाही. निर्णय समजून घ्या, इतकेच माझे म्हणणे आहे.

आधी मनगट म्हणजे काय ते पाहू. बाहेरून मनगट एक सांधा दिसते. आत मात्र आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली असतात. त्यांच्या वरच्या बाजूला बाहूची दोन लांब हाडे येतात, अंगठ्याकडचे रेडियस आणि करंगळीकडचे अल्ना. या आठ हाडांपैकी दोन आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. एक नावेच्या आकाराचे स्केफॉइड, दुसरे चंद्रकोरीच्या आकाराचे ल्युनेट. ल्युनेटला एकही स्नायू थेट जोडलेला नाही. ते शेजाऱ्यांच्या आधाराने जागेवर राहते आणि शेजारी हलले की हलते. या शेजाऱ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. दवाखान्यात त्यांनाच लिगामेंट म्हणतात. बैलजोडीच्या मानेवरचे जू दोन्ही बैलांना एका चालीत ठेवते, तसे स्केफॉइड आणि ल्युनेट यांच्यामधला अस्थिबंध त्यांना एका चालीत ठेवतो. तो तुटला की स्केफॉइड पुढे वाकते, ल्युनेट मागे कलते आणि दोघांच्यामध्ये फट पडते. सुरुवातीला केवळ जोर लावताना दुखते. पुढे चुकीच्या जागी भार पडून हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजू लागते आणि काही वर्षांनी तेथे संधिवात होतो. हे सर्वांनाच होते असे नाही, पण पूर्ण तुटलेला अस्थिबंध दुर्लक्षित राहिला तर वाट बहुधा तिकडेच जाते.

दुसरी महत्त्वाची जागा करंगळीच्या बाजूची. तेथे अल्ना आणि मनगटाची हाडे यांच्यामध्ये कूर्चेची एक त्रिकोणी गादी व तिच्याभोवती अस्थिबंध असतात. या सगळ्या जुळणीला डॉक्टर ‘टीएफसीसी’ म्हणतात. हात पालथा-उताणा करताना रेडियस अल्नाभोवती फिरते. त्या फिरण्याला स्थैर्य देण्याचे काम ही जुळणी करते. म्हणून तिला इजा झाली की कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना, परातीत कणीक तिंबताना किंवा हात टेकून जमिनीवरून उठताना करंगळीच्या बाजूला कळ येते.

इजा होते कशी? कबड्डीत पकड सोडवून मध्यरेषेकडे झेपावताना मुलगा तळहात पुढे करून पडतो. दुचाकी घसरते. बैलगाडीतून, कडब्याच्या गंजीवरून, शाळेच्या ओट्यावरून कोणी पडते. पडणारे शरीर सावरण्यासाठी हात आपोआप पुढे येतो आणि सारा भार उलट्या वाकलेल्या मनगटावर पडतो. घरी आल्यावर त्याचे निदान एका शब्दात होते : ‘मुरगळलं’. मग हळदीचा लेप, गरम पाण्याचा शेक आणि कोणाच्या तरी जाणत्या हाताने केलेली ओढाताण. लेपाविषयी माझी तक्रार नाही. ओढाताणीविषयी मात्र आहे. आत काय तुटले आहे हे ठाऊक नसताना ताणून ‘बसवलेले’ मनगट आणि बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलेला हात यांतून बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बोटे बधिर झाली, निळसर पडली, किंवा वेदना कमी होण्याऐवजी तासागणिक वाढत गेली, तर ती रात्र घरी काढायची नाही. ल्युनेट जागेवरून निखळले तर ते मधल्या शिरेवर दाब आणते आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते. तेथे शस्त्रक्रिया करावी की न करावी हा विचार करण्यासाठी दिवस उरलेले नसतात.

आपल्या वसतिगृहातील मुलांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा पट्टा असतो आणि तो अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. त्यामुळे बारा-तेरा वर्षांचे मूल हातावर पडले तर अस्थिबंध तुटण्यापेक्षा हाड मोडण्याची किंवा वाढीच्या पट्ट्याला इजा होण्याची शक्यता अधिक असते. स्केफॉइडचा बारीक तडा तर पहिल्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे चांगला असला तरी हात प्लॅस्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. पालक दुसऱ्या एक्स-रेला ‘डॉक्टरची कमाई’ समजतात. या ठिकाणी तो समज महागात पडतो, कारण स्केफॉइडचा रक्तपुरवठा अपुरा असतो आणि न जुळलेले हाड पुढे फार त्रास देते.

एक्स-रेचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो. विल्हेल्म रोंटगेन यांनी २२ डिसेंबर १८९५ रोजी आपल्या पत्नीच्या हाताचे जे छायाचित्र घेतले, ते प्रसिद्ध आहे. त्यात बोटांची हाडे दिसतात, बोटातली अंगठी दिसते. अस्थिबंध दिसत नाहीत. आजही साध्या एक्स-रेमध्ये ते दिसत नाहीत. त्यांच्या अवस्थेचा अंदाज केवळ हाडांमधील अंतरावरून बांधावा लागतो. म्हणून डॉक्टर मूठ घट्ट आवळायला लावून एक्स-रे काढतात. त्या दाबाने स्केफॉइड व ल्युनेट यांच्यामधली फट उघडते. ती सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा अधिक दिसली, तर अस्थिबंध तुटल्याचा संशय बळावतो. दुसऱ्या मनगटाचा एक्स-रे तुलनेसाठी काढतात तेव्हा ‘दुखऱ्या हाताऐवजी चांगल्याचा कशाला?’ असे विचारू नये. काहींची मनगटे जन्मतःच सैल असतात, आणि हे तुलनेशिवाय कळत नाही.

आता एमआरआयचा अहवाल. इतिहासात आपण साधनाची बाह्य आणि अंतर्गत अशी दुहेरी परीक्षा करतो. कागद खरा आहे का, ही पहिली. त्यात जे लिहिले आहे ते विश्वसनीय आहे का, ही दुसरी. एमआरआयचा कागद खराच असतो. पण त्यात लिहिलेले ‘टेअर’ हेच दुखण्याचे कारण आहे का, हा अंतर्गत परीक्षेचा प्रश्न आहे. करंगळीच्या बाजूची ती त्रिकोणी गादी वयाबरोबर झिजते आणि कोणतीही तक्रार नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही तेथे छिद्र किंवा फाट दिसते. वय वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. उलट, स्केफॉइड-ल्युनेटमधील लहानशी पण महत्त्वाची फाट एमआरआयमधून कधी निसटूनही जाते. म्हणून अनुभवी शल्यविशारद फिल्म पाहण्याआधी हात पाहतो. नेमके कोठे बोट ठेवले की दुखते, हाड दाबून मनगट वळवले की आत ‘खट्’ होते का, मूठ आवळण्याची ताकद दुसऱ्या हाताच्या मानाने किती उरली आहे, हे तो तपासतो. ज्याने हाताला हात न लावता केवळ अहवाल वाचून तारीख दिली, त्याच्याकडून निघून दुसऱ्याचे मत घेण्यात अपमान कोणाचाच नाही.

माझ्या पाहण्यातील दोन उदाहरणे सांगतो. नावे देत नाही.

पहिले एका माजी विद्यार्थ्याचे. शाळेच्या कबड्डी संघातला तो डाव्या बाजूचा खंदा खेळाडू होता. पुढे ट्रॅक्टर चालवू लागला. एका पावसाळ्यात मोटारसायकलवरून पडला. ‘मुरगळलं’ म्हणून महिनाभर क्रेप पट्टी बांधली, वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या आणि सोयाबीनच्या काढणीला लागला. दीड वर्षाने गिअर ओढताना हात साथ देईना, तेव्हा मोठ्या शहरात जाऊन तपासणी केली. स्केफॉइड-ल्युनेटचा अस्थिबंध पूर्ण तुटला होता आणि त्याची टोके आक्रसून गेली होती. अशा इजेत वेळेचे महत्त्व फार. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत तुटलेल्या टोकांमध्ये जीव असतो. ती पुन्हा हाडाला शिवता येतात आणि तोवर हाडे तारांनी जागेवर धरून ठेवता येतात. तो काळ लोटल्यावर शिवण्याजोगे काही राहत नाही. मग दुसऱ्या कंडरेची पट्टी काढून नवा बंध तयार करावा लागतो. ही शस्त्रक्रिया मोठी, तिचे फळ कमी खात्रीचे. आणि संधिवात सुरू झाला असेल, तर तोही मार्ग बंद होऊन काही हाडे एकमेकांशी जोडून टाकणे किंवा एक रांग काढून टाकणे एवढेच उरते. त्यात वेदना कमी होते, पण मनगट पूर्वीसारखे वाकत नाही.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थिनीच्या आईचे. ती शिवणकाम करते. करंगळीच्या बाजूला दुखत होते. पडल्याचे तिला आठवत नव्हते. एमआरआयमध्ये टीएफसीसीची फाट निघाली आणि एका ठिकाणी लगेच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. उसनवारी करण्याआधी तिने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी हात वळवून पाहिला. सांधा स्थिर होता. सहा आठवडे स्प्लिंट, कपडे पिळणे व जड बादली उचलणे बंद, नंतर फिजिओथेरपी, आणि तीन महिन्यांनंतरही दुखले तर पुन्हा विचार, असे ठरले. तिचे दुखणे पूर्ण गेले नाही. पण मशीन चालवता येते, आणि तिला तेवढे पुरे आहे.

ही दोन उदाहरणे मी ‘ऑपरेशन चांगले’ किंवा ‘ऑपरेशन वाईट’ हे सिद्ध करण्यासाठी दिलेली नाहीत. पहिल्यात उशीर घातक ठरला, दुसऱ्यात घाई घातक ठरली असती. दोन्हीकडे शब्द एकच होता : ‘टेअर’. कोणता अस्थिबंध, अर्धवट तुटला की पूर्ण, सांधा स्थिर की अस्थिर, आणि इजा होऊन किती आठवडे लोटले, या चार गोष्टींनी त्या एका शब्दाचा अर्थ पालटला. अर्धवट फाट आणि स्थिर सांधा असेल तर बहुधा आधी स्प्लिंट, विश्रांती आणि व्यायाम. पूर्ण तुटलेला, अस्थिर आणि ताजा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर. या दोन टोकांमध्ये मोठा प्रदेश आहे आणि तेथे जाणकार डॉक्टरांचीही मते भिन्न असतात. हे मतभेद ऐकून पालक गोंधळतात. मला त्यात वावगे काही वाटत नाही. जेथे पुरावा अपुरा असतो तेथे प्रामाणिक इतिहासकारांचीही मते भिन्नच असतात.

पाली विनयपिटकातील महावग्गात जीवक कोमारभच्च यांची हकीकत येते. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकून राजगृहाला परतलेला हा वैद्य. आपल्याकडे त्याची गोष्ट सांगताना, एक योजनाच्या परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधायला गुरूंनी पाठवले आणि त्याला एकही सापडली नाही, एवढाच भाग सांगतात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा कोलांट्या उड्यांचा खेळ खेळताना दुखावला, त्याच्या आतड्याला गाठ पडली. खेळात झालेल्या इजेची इतकी जुनी नोंद क्वचितच सापडावी. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. पोट उघडून गाठ बाहेर काढली व आधी पत्नीला दाखवली, तुझ्या पतीचा आजार हा आहे म्हणून. मग ती सोडवून पोट शिवले. आज आपण ज्याला नातेवाइकांना समजावून सांगणे म्हणतो, त्याचे यापेक्षा स्पष्ट रूप कोणते?

त्याच जीवकाने राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्याने विचारले : एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहशील का? श्रेष्ठीने होकार दिला. प्रत्यक्षात प्रत्येक कुशीवर सातच दिवस तग धरला. तेव्हा जीवक म्हणाला की सात-सात दिवसच पुरेसे आहेत हे मला आधीच ठाऊक होते, पण महिने सांगितले नसते तर तू तेवढेही पडून राहिला नसतास. शस्त्रक्रियेचे निम्मे यश नंतरच्या धीरात असते, हे त्याने ओळखले होते. आणि तथागतांना शरीरशुद्धीची गरज भासली, तेव्हा याच शस्त्रनिपुण वैद्याने आधी काही दिवस अंगाला स्नेहन करण्यास सांगितले, मग औषधाने भारलेली कमळे केवळ हुंगायला दिली. ज्याच्या हाती शस्त्र होते, त्याला ते केव्हा उचलायचे नाही हेही कळत होते.

जीवकाच्या त्या सात महिन्यांचा मनगटाशी थेट संबंध आहे. स्केफॉइड-ल्युनेटचा अस्थिबंध शिवल्यावर हाडांतून घातलेल्या तारा सुमारे आठ आठवडे ठेवतात. नंतर त्या काढून हळूहळू मनगट हलवायचे, मग ताकद वाढवायची. जोराचे काम किंवा खेळ सुरू व्हायला साधारण सहा महिने लागतात. इतके करूनही मनगट थोडे ताठर राहते, वाकण्याचा काही अंश कायमचा जातो आणि काही जणांमध्ये काळाने फट पुन्हा दिसू लागते. शस्त्रक्रियेचा हेतू ‘पहिल्यासारखा हात’ हा नसतो. दुखणे कमी व्हावे, पकड टिकावी आणि झीज लांबावी, हा असतो. हे आधी कळले असेल तर नंतरची निराशा टळते.

खेळाडूंची उदाहरणे मुलांना जवळची वाटतात. मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाच्या उजव्या मनगटावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये मनगटाच्या दुखण्यामुळे तिला एकेरीचा सामना अर्ध्यावर सोडावा लागला. पुढे तिने दुहेरीवर भर दिला आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिले स्थान मिळवले. ऑस्ट्रियाचा डॉमिनिक थीम २०२० मध्ये अमेरिकन ओपन जिंकला, २०२१ च्या जूनमध्ये त्याच्या उजव्या मनगटाला करंगळीच्या बाजूने इजा झाली. त्याने शस्त्रक्रियेऐवजी स्प्लिंटचा मार्ग निवडला. खेळात परतला, पण पूर्वीची धार परत आली नाही आणि २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. अर्जेंटिनाच्या हुआन मार्टिन डेल पोट्रोने उजव्या मनगटावर एकदा आणि डाव्यावर तीनदा शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले. या तिघांच्या इजा सारख्या नव्हत्या, म्हणून त्यांची तुलना करून ‘अमक्याने केली म्हणून आपणही’ असे ठरवू नये. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असतानाही या निर्णयात हमी मिळत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

आणि आपल्याकडे दिमतीला कोण असते? ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार आणि संदर्भ चिठ्ठी मिळते. पुढे जालन्याचे जिल्हा रुग्णालय, किंवा भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. तेथे अस्थिरोग विभाग आहे; रांग आहे, पण शिकवणारे प्राध्यापकही आहेत. खाजगीत जायचे असल्यास आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेली ही योजना २०१७ पासून जोतीबांच्या नावाने चालते आणि तिच्या संरक्षणाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आहे. प्रत्येक शस्त्रक्रिया आणि प्रत्येक रुग्णालय तिच्यात येतेच असे नाही. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. तारीख घेण्याआधी त्याच्याकडून शस्त्रक्रियेचे नाव योजनेच्या यादीत आहे का हे तपासून घ्यावे. सावकाराकडून उचल घेतल्यानंतर हे कळून काही उपयोग नाही.

पैशापेक्षा कठीण प्रश्न वेळेचा आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोयत्यावर चालणाऱ्या हाताला आठ आठवडे तारा आणि सहा महिने सबुरी म्हणजे एक हंगाम बुडाला. कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या हातांचेही तेच. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जालन्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी असा दुहेरी खर्च. म्हणून डॉक्टरांना आपला व्यवसाय स्पष्ट सांगावा. ‘मजूर’ एवढे पुरेसे नाही. हात नेमके काय करतो ते सांगावे. कार्यालयात लिहिणाऱ्याच्या मनगटासाठी जो निर्णय योग्य, तो कोयता चालवणाऱ्यासाठी योग्य असेलच असे नाही. व्यायाम घरी करता येतील असे लिहून किंवा मोबाइलवर चित्रित करून मागावेत. आणि शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने निभावण्याची सोय नसेल, तर तेही आधीच बोलावे, कारण अर्ध्यात सोडलेली शस्त्रक्रिया न केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळदा वाईट ठरते.

मुलींविषयी एक निरीक्षण नोंदवणे मला आवश्यक वाटते. मुलाचे मनगट दुखले की दुसऱ्या दिवशी दवाखाना. मुलीचे दुखले की ‘काम टाळते’. तिच्या हातावर व्रण राहील आणि लग्नात अडचण येईल, म्हणून शस्त्रक्रिया टाळलेली मी पाहिली आहे. भाकरी त्याच हाताने थापायची असते, पाण्याची कळशी त्याच हाताने उचलायची असते. ज्या घराच्या भिंतीवर सावित्रीमाईंची आणि माता रमाईंची तसबीर आहे, त्या घरात असे व्हावे, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर माणूस विचारायचे विसरतो. म्हणून वहीच्या कागदावर प्रश्न लिहून न्यावेत. कोणता अस्थिबंध तुटला आहे, अर्धा की पूर्ण? सांधा अस्थिर आहे का, आणि हे हात तपासून कळले की केवळ एमआरआयवरून? शस्त्रक्रिया केली नाही तर एका वर्षाने आणि दहा वर्षांनी काय होऊ शकेल? तीन महिने थांबून पाहिले तर काही हातचे जाईल का? केली तर किती दिवस हात बांधलेला राहील, किती वाकणे कायमचे जाईल? अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का, की हाताच्या तज्ज्ञाकडे पाठवाल? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. केसपुत्त गावातील कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा आपला पूज्य आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. तो उपदेश विहारात ऐकून दवाखान्याच्या पायरीवर विसरायचा नसतो.

तंबाखू आणि गुटखा यांविषयी थोडक्यात : धूर ओढणे असो वा तोंडात चघळणे, निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि शिवलेले भरून यायला उशीर लागतो. शस्त्रक्रिया ठरली की त्या दिवसापासून बंद. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी.

शेवटी वसतिगृहाच्या कामकाजाविषयी. खेळताना हातावर पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्याच दिवशी नोंदवहीत व्हावी : तारीख, हात उजवा की डावा, पडण्याची रीत, सूज, बोटांची संवेदना. मनगट सरळ ठेवून पुठ्ठ्याचा आधार द्यावा, बर्फ कापडात गुंडाळून लावावा, हात छातीच्या उंचीवर ठेवावा. चोळू नये, ओढू नये. दोन दिवसांत सूज व दुखणे स्पष्टपणे उतरले नाही, तर एक्स-रे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा जुनी दुखणी असलेली मुले त्यांना दाखवावीत. दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा लिहिता हात परीक्षेच्या तोंडावर दुखावला, तर त्याने दुखत्या हाताने लिहिण्याचा हट्ट धरू नये आणि शस्त्रक्रिया परीक्षेपुरती पुढे ढकलण्याचा निर्णयही घरातल्या घरात घेऊ नये. ते किती आठवडे लांबवता येईल हे डॉक्टरांनाच विचारावे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे लेखनिकाची मागणी करता येते. अर्जाचा नमुना कार्यालयात ठेवलेला आहे. त्यासाठी परीक्षेच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नये.